फ्रिजवरचा कागद

विंडसर, ओंटारियो : मी काम करते त्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात डबा खायची एक लहान खोली आहे. तिथल्या फ्रिजच्या वर भिंतीला एक कागद लावलाय. मारहाण, धमकी, अपमान यांतलं काहीही झालं तर कोणाला सांगायचं, ते त्यावर नावानिशी लिहिलेलं आहे. खाली आणखी एक ओळ आहे : ज्याला सांगायचं तोच त्रास देत असेल, तर दुसऱ्या कोणाकडे जायचं. पहिल्या आठवड्यात ती ओळ मी तीनदा वाचली.

मागच्या महिन्यात स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजीबाईंनी अंघोळीच्या वेळी माझ्या सोबतिणीचा हात पिरगळला. मनगटावर चार बोटं लाल उमटली होती. "त्यांना कुठं कळतंय," म्हणत ती बाही खाली ओढून पुढच्या खोलीकडे निघाली; मीही तेच केलं असतं. पण पर्यवेक्षक बाईंनी तिला बसवलं आणि फॉर्म पुढे केला. तारीख, वेळ, जवळ कोण होतं, याआधी असं झालं होतं का, पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल. दुसऱ्या दिवशी आजीबाईंच्या कागदावर नोंद आली : अंघोळ सकाळी नको, दुपारी, आणि दोघींनी मिळून. प्रत्येक पाळीला ते सांगितलं गेलं. ज्या माणसाकडून इजा होण्याची शक्यता आहे, त्याची माहिती त्याच्याजवळ जाणाऱ्या कामगाराला द्यायचीच, असा इथला कायदा आहे.

या कायद्यामागे याच गावातला एक मृत्यू आहे. 12 नोव्हेंबर 2005 रोजी इथल्या ओतेल-द्यू ग्रेस रुग्णालयात लॉरी ड्युपॉन्ट या परिचारिकेचा कामावर असतानाच खून झाला. मारेकरी त्याच रुग्णालयातला भूलतज्ज्ञ, तिचा पूर्वीचा जोडीदार. तो त्रास देतोय हे तिथल्या लोकांना माहीत होतं. संरक्षणासाठी तिनं कोर्टात अर्जही केला होता. 2007 मध्ये मृत्यूची जाहीर चौकशी झाली आणि 15 जून 2010 पासून नवा कायदा लागू झाला. घरातली हिंसा कामाच्या ठिकाणी पोचण्याची शक्यता मालकाला दिसत असेल, तर कामगाराला वाचवणं ही मालकाची जबाबदारी ठरली. मारहाणीची भीती असेल तर काम नाकारता येतं. मग कामगारांच्या प्रतिनिधीसमोर तपास होतो, आणि तरी समाधान झालं नाही तर सरकारी निरीक्षकाला बोलावतात. आम्हा परिचारिकांना मात्र रुग्णाच्या जिवाला धोका होईल अशा वेळी हात झटकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

अकोल्यात मी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करायची. एकदा रुग्ण दगावला आणि नातेवाइकांपैकी एकानं माझ्या कानाखाली मारली. सकाळी वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, "जाऊ दे वं बाई, कायले भानगड करतं?" त्यांच्या बोलण्यात माया होती, हे आज मला जास्त दुखतं. डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2010 चाच आहे, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. पण तो गुन्हा घडल्यानंतरचा. आदल्या दिवशी काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

हे लिहिताना मेळघाट डोळ्यांसमोर येतो. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना हरिसाल लागतं. तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी जीवन संपवलं. वरिष्ठाकडून होणारा छळ त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवला होता. ती चिठ्ठी त्याहून वरच्या अधिकाऱ्यांना उद्देशून होती. सांगूनही दखल घेतली गेली नाही, अशी तक्रार तिच्यात होती. ज्यांचं नाव घेतलं त्या अधिकाऱ्याला अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. माझा जीव अडकतो तो त्या आधीच्या महिन्यांत. गणवेशातली, जंगलात अतिक्रमणवाल्यांसमोर उभी राहणारी बाई, आणि तिला जाता येईल असं एकच दार, तेही त्याच साखळीत वर.

आपल्याकडे 2013 चा कायदा आहे, पण तो लैंगिक छळापुरता. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती, बाहेरची एक सदस्य, तीन महिन्यांत तक्रार. त्याहून लहान ठिकाणी, म्हणजे दुकानात किंवा घरकामाला जाणारीसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती. पण साहेब रोज चारचौघांत पाणउतारा करतो, गरोदर बाईला मुद्दाम उन्हात चालवतो, याची तक्रार या कायद्यात बसवायची कशी? ओंटारियोत कामाच्या जागी मुद्दाम दिलेला असा त्रासही कायद्यात मोडतो. 2016 च्या दुरुस्तीपासून त्याची चौकशी करणं आणि निकाल तक्रारदाराला लेखी कळवणं मालकाला बंधनकारक आहे. फ्रिजवरची ती शेवटची ओळही त्याच दुरुस्तीतून आली.

म्हणून इथं सगळं छान आहे असं समजू नका. परिचारिका इथंही मार खातात, आणि पुष्कळजणी फॉर्म भरत नाहीत. पाळी संपली की पाय दुखत असतात, घरी लेकरं वाट पाहत असतात.

माझी भाची नुकतीच अमरावतीत एका दवाखान्यात लागली. परवा फोनवर विचारलं, तुमच्या समितीत कोण आहे गं? समितीचा आदेश दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ती फलक पाहून आली : ड्यूटीचा तक्ता आणि गणपतीच्या वर्गणीची यादी, बाकी काही नाही. आता ती लेखी विचारणार आहे. अर्ज इंग्रजीत लिहू का म्हणाली. म्हटलं, मराठीतच लिही, तारीख टाक आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नको.