अडीच हजारांच्या पुढे हा कर का जात नाही?

बारामतीत दुकान टाका नाहीतर इंदापुरात वर्कशॉप, सीए पहिल्याच वर्षी सांगतो, "व्यवसाय कराचे अडीच हजार भरा." धंदा नवा, गल्ला रिकामा. पैसे टोचतातच. पण त्यामागचं गणित बघा.

महाराष्ट्रात हा कर १९७५ पासून आहे, तोही रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिरायती पट्ट्यात खडी फोडलेली माणसं कदाचित तुमच्याच घरात असतील. अशा हातांना काम मिळावं आणि त्यातून पाझर तलाव, बांध, रस्ते व्हावेत, यासाठी हा पैसा.

राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला मर्यादा घातली आहे. आधी माणशी वर्षाला २५० रुपये. १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५००. तेव्हापासून आकडा तिथंच!

मग सरकार लहान झालं का? नाही. खर्च वाढतच गेला आणि तो जीएसटी, मुद्रांक शुल्क अशा दुसऱ्या वाटांनी वसूल होतो. एका कराला कुलूप लावलं म्हणून खर्च थांबत नाही. म्हणून कोणी "कर कमी करू" म्हटलं, की विचारा: कोणता खर्च कमी करणार?

आणि तुमचं काय? वर्षाला लाखभर नफा असेल तर हा कर अडीच टक्के पडतो. दहा लाख असेल तर पाव टक्का. म्हणून पहिल्या वर्षापासून ही रक्कम खर्चात धरा, वेळेत भरा, उशिराचं व्याज वाचवा. आणि धंदा वाढवा, ओझं आपोआप हलकं होईल.