तो आवाज १९४९ चा आहे

दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही माहितीपट लावा. डंकर्कचा किनारा दिसतो, छातीएवढ्या पाण्यात रांग धरून बोटीची वाट पाहणारे सैनिक दिसतात आणि पाठीमागून एक घोगरा, शब्द चघळत बोलणारा आवाज सुरू होतो. विन्स्टन चर्चिल यांचं किनाऱ्यांवर आणि रस्त्यांवर लढत राहण्याच्या निर्धाराचं ते भाषण. चित्र आणि आवाज एकमेकांत इतके मुरलेले आहेत, की १९४० साली सारा ब्रिटन रेडिओला कान लावून हेच ऐकत बसला असणार, असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं. ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी ते भाषण संसदेत केलं. संसदेचं कामकाज तेव्हा ध्वनिमुद्रित होत नसे. त्या संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकाने बातम्यांमध्ये भाषणातले काही उतारे वाचून दाखवले, एवढंच. आज आपण ऐकतो ते मुद्रण चर्चिल यांनी १९४९ साली केंट परगण्यातल्या चार्टवेल या आपल्या घरी केलं. युद्ध जिंकून तोवर चार वर्षं झाली होती. तरीही त्या दिवशी ते आपण रेडिओवर प्रत्यक्ष ऐकलं, असं छातीठोकपणे सांगणारे ब्रिटिश लोक पुढे वर्षानुवर्षं भेटत राहिले. ही माणसं खोटं बोलत नव्हती. माहितीपटांनी त्यांच्या आठवणीत नंतर नेऊन ठेवलेला आवाज त्यांना आपलाच वाटत होता.

युद्धकाळातल्या नेत्यांबद्दलचं आपलं मत बनतं कसं, याचा विचार करताना मी नेहमी या मुद्रणापाशी येऊन थांबतो. इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचणारे थोडे. हिटलर, स्टालिन, चर्चिल यांचे चेहरे, चाल आणि हातवारे बहुतेकांच्या मनात आले ते टीव्हीवरून. म्हणून पडद्यावरचा नेता पाहताना एक प्रश्न विचारायलाच हवा. कॅमेरा कोणाच्या हातात होता?

हिटलरचंच पाहा. खांद्यांवर ध्वज घेतलेल्या हजारोंच्या रांगांमधून चालत जाणारा हिटलर आपण शेकडो वेळा पाहिला आहे. त्यातली बरीचशी दृश्यं १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्याची, लेनी रीफेनश्टाल हिच्या चित्रपटातली. गर्दी वरून दिसावी म्हणून तिने एका उंच ध्वजस्तंभाला छोटी लिफ्ट बसवून घेतली आणि तीतून कॅमेरा वर नेला. अख्खा मेळावाच कॅमेऱ्याच्या सोयीने सजवलेला होता. पुढे नाझींच्या अत्याचारांचा निषेध करणाऱ्या माहितीपटांनीही हीच दृश्यं वापरली, कारण दुसरी फारशी नव्हतीच. निवेदक निषेध करत राहतो आणि डोळ्यांना मात्र हिटलरने स्वतःचं जे रूप दाखवायचं ठरवलं होतं, तेच दिसत राहतं.

उलट बाजूनेही हातचलाखी झाली. जून १९४० मध्ये फ्रान्सची शरणागती स्वीकारताना हिटलर कॉम्पिएनच्या जंगलात आनंदाने नाचला, अशी चित्रफीत जगभर गाजली. त्याने फक्त एकदा पाय उचलून आपटला होता. मित्रराष्ट्रांच्या प्रचारकांनी तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा जोडला आणि नाच तयार केला. त्याचं शेवटचं चलच्चित्र म्हणून दाखवलं जाणारं दृश्यही असंच आहे. कोटाची कॉलर वर केलेला, वाकलेला हिटलर चॅन्सेलरीच्या बागेत लढाईला जुंपलेल्या कोवळ्या मुलांचे गाल थोपटतो. कित्येक माहितीपट हा प्रसंग २० एप्रिल १९४५ चा, म्हणजे त्याच्या शेवटच्या वाढदिवसाचा असल्याचं सांगतात. तो मार्चमधल्या जर्मन वार्तापटातला आहे. वाढदिवसाची तारीख टाकली की प्रसंग अधिक करुण होतो, म्हणून चूक टिकून राहते.

नेता स्वतःच आपल्या माहितीपटाचा लेखक झाला, तर काय होतं? १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने चर्चिल यांच्या युद्धस्मृतींच्या सहा खंडांवर मालिका काढली. चर्चिल यांचे शब्द रिचर्ड बर्टन या नटाच्या भारदस्त आवाजात, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं. लाखो अमेरिकन घरांत युद्धाचा हा इतिहास पोचला आणि तो चर्चिल यांनी मांडलेला इतिहास होता. त्याच चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळाकडे १९४३ साली भारतातून धान्यासाठी जहाजांची मागणी होत होती. आधी लिनलिथगो, मग वेव्हेल, दोघा व्हाइसरॉयांनी तारांमागून तारा केल्या. मिळालं ते फार उशिरा आणि फार थोडं. बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. सहा खंडांच्या त्या इतिहासात या दुष्काळाला जवळजवळ जागा नाही. जे ग्रंथात नाही ते मालिकेत कुठून येणार? लॉर्ड माउंटबॅटन यांनीही १९६९ साली बारा भागांच्या मालिकेत स्वतःची जीवनकथा स्वतःच सांगितली. त्यात ब्रह्मदेशची आघाडी आली, फाळणीही आली. फाळणीचा निर्णय घेणाऱ्यानेच फाळणीची साक्ष द्यायची आणि पाहणाऱ्याने ती इतिहास म्हणून ऐकायची, हे मला मान्य होत नाही.

या सगळ्या पार्श्वभूमीवर एक मालिका वेगळी उभी राहते. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड ॲट वॉर'. सव्वीस भाग, पहिला भाग ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी दाखवला गेला आणि शेवटचा ८ मे १९७४ रोजी. निर्माते जेरेमी आयझॅक्स. निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं, संगीत कार्ल डेव्हिस यांचं. तयारीला चार वर्षं लागली आणि खर्च झाला नऊ लाख पौंडांच्या आसपास. तोवर एवढा खर्च ब्रिटनमध्ये कुठल्याही माहितीपर मालिकेवर झाला नव्हता. पन्नास वर्षांनंतरही ती पुन्हापुन्हा दाखवली जाते आणि एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

मालिकेची सुरुवात कुठल्याही नेत्यापासून होत नाही. कॅमेरा फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान या गावावरून फिरतो. छपरं नसलेली घरं, गंजलेली मोटार, चर्चच्या भिंती. १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस तुकडी इथे आली, पुरुषांना कोठारांत आणि बायकामुलांना चर्चमध्ये कोंडलं आणि सहाशे चाळीसहून अधिक माणसं मारली. युद्धानंतर फ्रान्सने गाव पुन्हा बांधलं ते शेजारी. जुनं गाव जळालं तसंच राखलं. त्या ओसाड रस्त्यावर ऑलिव्हिए यांचा आवाज अगदी हळू, रडू न आणता बोलतो. हिटलर त्यानंतर येतो. या क्रमातच मालिकेची भूमिका कळते. आधी ज्यांनी भोगलं ते, मग ज्यांनी हुकूम दिले ते.

मुलाखती निवडतानाही आयझॅक्स यांनी हेच धोरण ठेवलं. हयात नेते आणि सेनापती मालिकेत आहेत: अँथनी ईडन, माउंटबॅटन, जर्मन नौदलाचा डनिट्झ, बॉम्बफेकीचे सूत्रधार आर्थर हॅरिस. पण खरा भर नेत्यांच्या खोलीत वावरणाऱ्या दुय्यम माणसांवर होता. सचिव, मदतनीस, टंकलेखिका. मोठा माणूस आपलं म्हणणं वर्षानुवर्षं घोटून ठेवतो. त्याच्या दाराबाहेर बसणाऱ्याला तेवढी सवय नसते. एसएसप्रमुख हिमलरचा सहायक कार्ल वोल्फ याला कॅमेऱ्यासमोर आणायला फार खटपट करावी लागली. शेवटी तो बोलला आणि हिमलरबरोबर मिन्स्कमध्ये आपण सामूहिक हत्या डोळ्यांनी पाहिल्याचं त्याने कबूल केलं. नेत्यांबरोबर गृहिणी, खलाशी, कैदी, छळछावणीतून वाचलेली माणसं यांनाही तितकाच निवांत वेळ मिळतो. चित्रफितींबाबतही काटेकोरपणा होता. इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड सल्लागार होते. नाटकी पुनर्निर्मितीची दृश्यं अस्सल दृश्यांत बेमालूम मिसळण्याबद्दल बीबीसीच्या १९६४ च्या पहिल्या महायुद्धावरील मालिकेच्या वेळीच त्यांनी तक्रार केलेली होती.

तरीही ही मालिका एका माणसापुढे फसली, असं मला वाटतं. हिटलरचा युद्धसामग्रीमंत्री अल्बर्ट स्पीअर. वीस वर्षांची शिक्षा भोगून १९६६ मध्ये तो स्पांडाऊच्या तुरुंगातून सुटला होता. पडद्यावर तो सभ्य, सुशिक्षित, किंचित खिन्न दिसतो. सर्वसाधारण जबाबदारी स्वीकारतो, पण ज्यूंच्या संहाराची नेमकी माहिती आपल्याला नव्हती, ही त्याची जन्मभराची भूमिका. पाहणाऱ्याला तो पटतो, कारण बाकीच्यांपेक्षा तो आपल्यातला वाटतो. २००७ साली त्याचं एक खासगी पत्र उजेडात आलं. सर्व ज्यू मारले जातील, असं हिमलरने ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन इथे जाहीर केलं तेव्हा आपण तिथे हजर होतो, अशी कबुली त्यात आहे. पत्राची तारीख डिसेंबर १९७१. म्हणजे मालिका लोकांनी पाहिली तेव्हा स्पीअरने खरं काय ते लिहून दिलेलं होतं, फक्त लोकांना ते ठाऊक नव्हतं. १९८१ मध्ये तो लंडनमध्ये वारला आणि त्या वेळीही तो बीबीसीच्या मुलाखतीसाठीच तिथे आलेला होता.

त्याच्याशेजारी ट्राउडल युंग हिला ठेवून पाहावं. ही हिटलरची सचिव. बंकरमध्ये त्याचं मृत्युपत्र तिनेच टंकलिखित केलं. 'द वर्ल्ड ॲट वॉर'मध्ये ती शेवटच्या दिवसांचा साधा वृत्तांत सांगते. जवळपास तीस वर्षांनी, २००२ मध्ये, ती एका ऑस्ट्रियन माहितीपटात पुन्हा दिसली. दीड तास फक्त तिचा चेहरा. जुनी एकही चित्रफीत नाही, संगीत नाही. आपण तरुण होतो, आपल्याला कळत नव्हतं, असं ती आयुष्यभर स्वतःला समजावत आली होती. मग एकदा म्युनिकमध्ये सोफी शोलची स्मृतिपाटी तिच्या नजरेस पडली. सोफी तिच्यापेक्षा एक वर्षाने लहान. युंग हिटलरकडे कामाला लागली त्याच सुमारास, २२ फेब्रुवारी १९४३ रोजी, नाझींविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल सोफीचा शिरच्छेद झाला होता. वय ही सबब होऊ शकत नाही, हे तेव्हा कळलं, असं ही वृद्धा कॅमेऱ्याकडे पाहत सांगते. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला त्याच सुमारास ती वारली. हिटलरबद्दल मी जे काही पाहिलं आहे त्यात मनात सर्वांत खोल रुतलेली हीच दोन मिनिटं आहेत, आणि त्यांत हिटलर दिसतही नाही.

असं खरं बोलणं राज्यकर्त्यांना नेहमीच परवडतं असं नाही. मार्सेल ओफ्युल्स यांनी १९६९ मध्ये क्लेरमाँ-फेराँ या एका शहराच्या आठवणींमधून जर्मनव्याप्त फ्रान्सची कहाणी चार तासांहून अधिक लांबीच्या माहितीपटात मांडली. सगळा फ्रान्स प्रतिकार करत होता, ही द गॉल यांनी जपलेली प्रतिमा त्यात टिकत नाही. जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या मार्शल पेतां यांच्यामागे निमूट गेलेली साधी माणसं त्यात बोलतात. चित्रपट टीव्हीसाठी केलेला होता आणि फ्रेंच टीव्हीने तो दाखवला १९८१ साली.

आता आपल्याकडे वळतो. महायुद्ध संपेपर्यंत पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते आणि ते सगळे स्वेच्छेने भरती झालेले होते. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय. 'द वर्ल्ड ॲट वॉर'चा ब्रह्मदेशावरचा भाग उत्तम आहे, पण त्यात ऐकू येतात ते मुख्यतः ब्रिटिश आवाज. इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी लढता लढता पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडत परतले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते १९८४ पर्यंत हयात होते. लंडनहून जगभर माणसं शोधत फिरलेला कॅमेरा त्या काळात निमजपर्यंत यायला हवा होता.

पण दोष सगळा लंडनला कसा देणार? आपल्या जवानांचे आवाज आपण तरी कुठे जपले? १९७१ चं युद्ध महाराष्ट्राने रेडिओवर ऐकलं आणि थिएटरात मुख्य चित्रपटाआधी लागणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या समाचारचित्रांत पाहिलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या समाचारचित्रांत नेते विमानातून उतरतात, जवानांशी हस्तांदोलन करतात आणि जवान फक्त हसतो. त्याचा आवाज कुठेच नाही. निवेदकच त्याच्या वतीने बोलतो.

१९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, रायगड, नगर, कुठल्याही गावात अशी माणसं अजून भेटतील. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणी असेल तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं मुद्रित करा. सेनापती कसे होते, हे विचारू नका. ते पुस्तकांत मिळेल. हुकूम त्यांच्यापर्यंत कसा पोचला, त्या रात्री काय खाल्लं, शेजारचा सोबती कोण होता, घरी पत्र कधी लिहिलं, हे विचारा. मध्ये बोलू नका, ते गप्प झाले तर थोडं थांबा. आणि मुद्रण सुरू करताना त्या दिवसाची तारीख, गावाचं नाव आणि त्यांच्या पलटणीचं नाव मोठ्याने सांगायला विसरू नका.