जमाखर्चात न दिसणारी सेवा



माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रुग्णालयाच्या प्रशासनात आलो तेव्हा प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडता येतो, अशी माझी समजूत होती. क्ष-किरण यंत्राचा किती रुग्णांनी लाभ घेतला, शस्त्रक्रिया किती झाल्या, हे वर्षअखेरीस आकड्यांत सांगता येते. परिचारिकांच्या कामाचे मोजमाप मात्र मला आजतागायत साधलेले नाही. कारण त्या कामाचे मोठे फळ म्हणजे रुग्णाच्या बाबतीत न घडलेल्या गोष्टी.

शय्याव्रणाचेच उदाहरण घ्यावे. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर व टाचांवर सतत भार पडतो, तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि कातडी सडू लागते. उपाय दिसायला साधा आहे : साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती राहू न देणे. दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा, मध्यरात्रीही. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा घामाने निथळणारी पाठ कोरडी ठेवणे किती कष्टाचे असते, ते येथील मंडळींना वेगळे सांगावयास नको.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या कायमच्या परावलंबी झाल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या ४१ वर्षांहून अधिक काळात तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकदाही शय्याव्रण झाले नाही, याची दखल घेतली गेली. माझ्या माहितीत या सेवेचा याहून मोठा पुरावा नाही.

आता थोडा हिशेब. वॉर्डात चोवीस तास एक परिचारिका हजर हवी, तर तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाच्या १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी वजा जाता एक परिचारिका ३१३ दिवस काम करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात, आणि यात आजारपण, बाळंतपण, हक्काची रजा धरलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेने रजेपोटी ३० टक्के जादा कर्मचारी ठेवण्यास सांगितले आहे, ते यामुळेच. ही राखीव फळी नसली की एकीच्या रजेचा भार दुसरीच्या डबल ड्यूटीवर पडतो. वेतनाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. धर्मादाय संस्थांना हे जड जाते, हे मी नाकारत नाही. परंतु बारावीनंतर तीन-चार वर्षे शिकून, परिषदेकडे नोंदणी करून आलेली मुलगी पुण्या-मुंबईकडे निघून गेली, तर तिला बोल लावता येत नाही.

शिवाय डॉक्टरांना उशीर झाला, औषध बाहेरून आणावे लागले, बिल वाढले, तरी नातेवाइकांचा राग निघतो तो समोर उभ्या असलेल्या सिस्टरवरच. रात्री आठ ते सकाळी आठ तीच समोर असते.

अशा नोकरीत या भगिनी का टिकतात, असे मला पूर्वी वाटे. एकदा शस्त्रक्रियेनंतर एक आजी अन्नाला शिवत नव्हत्या. रात्रपाळीच्या सिस्टरने जवळ बसून, “कसं शे, माय?” असे अहिराणीत विचारले आणि आजी प्रथमच बोलत्या झाल्या. काही महिन्यांनी त्या भरिताच्या वांग्यांची पिशवी घेऊन आल्या. शल्यचिकित्सकांचे नाव त्यांना आठवत नव्हते. ‘आपली भाषा बोलणारी पोर’ कोठे आहे, एवढेच त्या विचारीत होत्या. सिस्टर तेव्हा पाळी संपवून घरी गेल्या होत्या. पिशवी दिवसभर माझ्या टेबलाजवळ राहिली. संध्याकाळी ती हाती पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पगारवाढीच्या पत्राने मी कधी पाहिले नव्हते. (वाढ द्यावयाची नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये.)

यंत्रासाठी देणगी मिळते, खोलीसाठी मिळते. राखीव परिचारिकांच्या वेतनासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. मंजूर झाल्यास त्या शीर्षाखाली देणग्या स्वीकारल्या जातील. त्यात संगमरवरी पाटी लावण्याजोगी जागा मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो.