एका नकाशाचा भाव

‘काउंटर-स्ट्राइक २’ या संघांमधील नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचा मोठा सामना बहुधा तीन नकाशांचा असतो, दोन जिंकणारा संघ विजयी. मिराज, इन्फर्नो, न्यूक ही त्यातली रणांगणे. सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने नको ते नकाशे बाद करतात आणि आवडीचा एकेक निवडतात. ज्याच्या १३ फेऱ्या आधी, त्याचा नकाशा. १२-१२ झाल्यास जादा फेऱ्या.

पॉलिमार्केटसारख्या भाकीत-बाजारात एकेका नकाशाच्या निकालावरही करार विकले जातात. भाकीत खरे ठरले तर १ डॉलर, नाहीतर शून्य. म्हणून ६० सेंट भाव म्हणजे विजयाची शक्यता सुमारे ६० टक्के. प्रत्येक नकाशावर हीच शक्यता धरली, तर पूर्ण सामना जिंकण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. सुटा नकाशा त्यामुळे अधिक बेभरवशाचा.

धोकाही इथेच आहे. एक नकाशा मुद्दाम सोडूनही सामना जिंकता येतो. अमेरिकेतील आयबायपॉवर हा काउंटर-स्ट्राइक संघ २०१४ मध्ये ठरवून एक सामना हरल्याचे पुढे उघड झाले आणि २०१५ मध्ये खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने संबंधित खेळाडूंवर बंदी घातली. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. खेळ मनमुराद पाहावा. पैसा मात्र त्यापासून दूरच ठेवावा.