महाधमनीवरचा चिमटा

बायपासच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, जिकडे पाहावं तिकडे पडदे आणि आकडे. त्या गर्दीत एका महत्त्वाच्या अवजाराला ना वीज लागते, ना पडदा. सिस्टरच्या ट्रेमध्ये ते इतर चिमट्यांसोबत पडलेलं असतं: स्टीलचं, बोटं घालायला दोन कड्या, त्यांच्या जवळ अडकणाऱ्या खाचा आणि पुढे किंचित वाकलेला जबडा. हा अओर्टिक क्रॉस-क्लॅम्प. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीवर तो आडवा बसला, खाचा टकटक अडकल्या, की हृदय आणि उरलेलं शरीर यांच्यातली वाट बंद होते.

संपादकांनी मला बेंगळुरूला धाडलं होतं ते रोबोटिक शस्त्रक्रियेवर लिहायला. मी रेंगाळलो या चिमट्यापाशी.

या शहराची हृदयाच्या बाबतीतली ख्याती नवी नाही. सरकारी जयदेव संस्था आहे. होसूर रस्त्यावर बोम्मसंद्र इथे डॉ. देवी शेट्टी यांचं नारायण हृदयालय आहे. मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया करून खर्च खाली आणायचा, हा त्यांचा हिशेब. 2009 साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने शेट्टींची तुलना हेन्री फोर्डशी केली होती. कर्नाटकातल्या सहकारी शेतकऱ्यांना सुरुवातीला महिना पाच रुपयांत शस्त्रक्रियेचं कवच देणाऱ्या ‘यशस्विनी’ योजनेमागेही त्यांचाच पुढाकार होता. ही कहाणी अनेकदा छापून आली आहे. तिच्यात न येणारा माणूस म्हणजे हृदय-फुफ्फुस यंत्राच्या पंपावर बसलेला परफ्युजनिस्ट.

मी ज्या ओटीत उभा होतो, तिथले परफ्युजनिस्ट मूळचे बेळगावचे. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही त्यांच्या तोंडी; पण काम सुरू झालं की बोलणं दोन-तीन शब्दांवर येतं. आधी रक्त गोठू न देणारं हेपारिन, किलोमागे साधारण 300 ते 400 युनिट. रक्त गोठायला लागणारा वेळ 480 सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. मग नळ्यांतून रक्त बाहेर येतं, यंत्रात प्राणवायू घेतं आणि महाधमनीत परत जातं. हृदय अजून धडधडतच असतं, पण शरीराचा भार आता यंत्रावर असतो.

सर्जन म्हणाले, ‘फ्लो डाउन.’ परफ्युजनिस्टनी तेच शब्द मोठ्याने परत उच्चारले आणि प्रवाह कमी केला. महाधमनी क्षणभर सैल पडली, तेवढ्यात क्लॅम्प बसला. ताणलेल्या भिंतीवर चिमटा लावला तर ती फाटू शकते, म्हणून ही खबरदारी. ‘क्लॅम्प ऑन.’ प्रवाह पुन्हा पूर्ववत, आणि घड्याळ सुरू. क्लॅम्प आणि हृदय यांच्यामधल्या छोट्या नळीतून चार अंशांच्या आसपासचं, पोटॅशियम मिसळलेलं थंड द्रावण हृदयधमन्यांत शिरलं. पडद्यावरची ईसीजीची रेघ सपाट झाली. थांबलेल्या हृदयावर केसाहून बारीक धाग्याने टाके घालता येतात.

हे जमायला वर्षं लागली. 1953 साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्र यशस्वीपणे वापरलं. 1955 साली लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवलं. त्या द्रावणाची मात्रा तीव्र होती. हृदयाच्या स्नायूला इजा होते असं दिसल्यावर ही पद्धत मागे पडली आणि सत्तरच्या दशकात सौम्य रूपात परतली. चिमट्याचा जबडाही असाच सौम्य होत गेला. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांच्या नावाने ओळखले जाणारे बारीक दाते रक्तवाहिनी घट्ट धरतात, पण चिरडत नाहीत.

परफ्युजनिस्ट दर काही मिनिटांनी वेळ पुकारत होते. पारंपरिक द्रावणाचा डोस साधारण वीस मिनिटांनी पुन्हा द्यावा लागतो. क्लॅम्प जितका जास्त वेळ, तितकं हृदय नंतर सावरायला कठीण. तिथे कोणालाही एकदाही घाई करताना मी पाहिलं नाही. झटपट शस्त्रक्रियांच्या या शहरात वेग हातांचा नसतो. कोणतीही हालचाल दोनदा करावी लागू नये, यातून तो येतो.

इथवर सगळं कौतुकाचं. अडचण महाधमनीच्या भिंतीत असते. बायपासला येणारा रुग्ण बहुधा उतारवयाचा, मधुमेही, कधी धूम्रपान करणारा. बोअरवेलच्या पाण्याने घरातल्या पाइपात क्षाराचे थर चढतात, तसे त्याच्या महाधमनीत चरबी आणि कॅल्शियमचे थर चढलेले असतात. तिथे जबडा मिटला की एखादा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. हृदय दुरुस्त होतं आणि माणूस अर्धांगवायू घेऊन उठतो. बायपाससाठी जोडलेल्या नव्या वाहिनीचं, म्हणजे ग्राफ्टचं, टोक महाधमनीला शिवताना अनेकदा दुसरा, अर्धवट पकडणारा क्लॅम्प लावतात, म्हणजे धोका पुन्हा एकदा.

यावर उपाय निघाले. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात फुग्याची कल्पना आली: मांडीतल्या धमनीतून नळी वर न्यायची आणि महाधमनीत आतून फुगा फुगवायचा. छाती पूर्ण न उघडता केलेल्या आणि रोबोटिक शस्त्रक्रियांत तो उपयोगी पडतो. पण फुगा सरकतो. पुढे सरकला तर मेंदूकडे जाणारी वाटच अडते. म्हणून दोन्ही मनगटांतला रक्तदाब मोजत राहायचा आणि उजवीकडचा घसरला की सावध व्हायचं. शिवाय नळी वर जाताना धमनीचा आतला पदर उसवू शकतो. फुगा एकदा वापरून टाकायचा, तर स्टीलचा चिमटा ऑटोक्लेव्हमधून निघून वर्षानुवर्षं चालतो. भारतात हा फरक थेट रुग्णाच्या बिलात उतरतो.

दुसरा मार्ग क्लॅम्प टाळण्याचा: धडधडत्या हृदयावरच टाके घालायचे. भारतात हा फार लोकप्रिय झाला, कारण पंपाचा खर्चही वाचतो. पण 19 देशांतल्या 4752 रुग्णांच्या ‘कॉरोनरी’ चाचणीत 30 दिवसांनंतर आणि पाच वर्षांनंतरही मृत्यू, पक्षाघात यांच्या एकत्रित मोजमापात ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या ‘रूबी’ चाचणीत तर पंपाविना जोडलेले ग्राफ्ट वर्षभरात जास्त प्रमाणात बंद पडलेले आढळले. पंप टाळूनही ग्राफ्टचं टोक शिवायला बाजूचा क्लॅम्प लावलाच, तर महाधमनीला धक्का लागतोच. तो टाळायचा तर छातीतल्या धमन्यांवरच सगळे ग्राफ्ट उभे करावे लागतात. ते कसब सर्वांकडे नसतं.

म्हणून मला वाटतं, कोणतं उपकरण आणलं यापेक्षा ते लावण्याआधी काय तपासलं हा प्रश्न मोठा आहे. बरेच सर्जन महाधमनी बोटाने चाचपून कठीण भाग शोधतात; मऊ थर बोटाला लागत नाहीत. महाधमनीवरच टेकवायचा अल्ट्रासाउंडचा प्रोब ते दाखवतो, आणि या तपासणीला लागतात मोजकी मिनिटं. रोबोट घेणाऱ्या रुग्णालयांच्या जाहिराती आपण वाचतो. हा प्रोब प्रत्येक वयस्क रुग्णाला लावला जातो का, हे नातेवाइकांनी विचारायला हवं. आणि रुग्णालयांनी क्लॅम्पच्या मिनिटांबरोबर शस्त्रक्रियेनंतरच्या पक्षाघातांची नोंदही उघड करायला हवी.