पाऊस किती पडला, की किती महिने पडलाच नाही?

सदाहरित वनं शिकवताना फळ्यावर आपण एक ओळ हमखास लिहितो: भरपूर पाऊस, म्हणून झाडांचे भरपूर प्रकार. रहाटणीतल्या वर्गांत मीही ती बरीच वर्षं लिहिली. पण दोन आकडे शेजारी मांडून बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिरुवनंतपुरमला साधारण १८००. तरीही सदाहरित झाडांचे प्रकार केरळच्या डोंगरांत कितीतरी जास्त. असं का?

उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीनच, आपल्या बाजूला सात-आठ. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचे ज्याँ-पिएर पास्कल यांनी पश्चिम घाटातल्या सदाहरित वनांवर १९८८ साली ग्रंथ लिहिला. कोरडा काळ उत्तरेकडे वाढत जातो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. (चीन-जपानमध्ये अशा रुंद पानांच्या जंगलांची उत्तरेची हद्द हिवाळ्यातली थंडी ठरवते.)

सागाला सोपं आहे, पाणी संपलं की पानं टाकून मोकळा. सदाहरित झाड पानं राखतं, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येही पानांतून पाणी उडतच राहतं. ज्यांना हे झेपत नाही ते प्रकार उत्तरेकडे येताना एकेक करून गळतात. डिप्टेरोकार्प कुळातले दक्षिणेकडचे उंचच उंच वृक्ष भीमाशंकरला नाहीत. तिथे जाड, चिवट पानांची अंजनी, जांभूळ, पिसा हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात, आणि वाऱ्याच्या माथ्यावर तीही बुटकीच.

खरी परीक्षा मात्र रोपाची. जांभळाचं बी बाभळीच्या बीसारखं वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहत नाही. वाळलं की मेलं. म्हणून फळं पिकतात पावसाच्या तोंडावर, बी पडतं आणि लगेच रुजतं. चार महिन्यांत मूळ जेवढं खोल जाईल तेवढ्यावर पहिला उन्हाळा काढायचा! घरी करून बघा: जांभळाच्या काही बिया आज खाऊन आजच कुंडीत लावा, काही महिनाभर उन्हात वाळवून मग लावा. मुलांना समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणूनच एक मोठं झाड पडलं की नुसतं एक झाड कमी होत नाही. त्याच्या सावलीत ओल टिकत होती, तिच्या जिवावर रोपं उन्हाळा काढत होती. केरळात तशी फट लवकर भरते, कारण पाऊस फार दिवस लांब नसतो. आपल्याकडे ऊन आत शिरतं आणि सात महिने तिथेच बसतं.

चाकण, राजगुरुनगरवरून भीमाशंकर इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. सहल पावसाळ्यातच नेतो आपण. एकदा मुलांना एप्रिलमध्ये न्या. रस्त्याकडेची माती हातात घ्यायला लावा, मग गर्द झाडीखालची.