मुंबईच्या पोटातील पोलादी घूस

मुंबई मूळची सात बेटांची, हे आपण शाळेतच शिकतो. पण मधल्या खाड्या बुजवल्याचा खरा प्रताप कळतो तो मलवाहिनी टाकणाऱ्याला! अनेक ठिकाणी वर भराव, मध्ये लोण्यासारखा मऊ चिखल आणि खाली काळाकभिन्न बेसाल्ट. मलवाहिनीला तर अखंड उतार हवा; ती खोलच जाणार. उघडा चर खणावा, तर कडा ढासळतात आणि रहदारी बंद पडते.

म्हणून जपानात १९७० नंतरच्या दशकात निघालेली युक्ती मला मोलाची वाटते. दोन विहिरी खणायच्या. एकीतून यंत्र घुशीसारखे माती पोखरत दुसरीकडे निघते; मागून जॅक एकेक नळ रेटतात. पाण्यात कालवलेली बेंटोनाइटची माती समोरचा दाब तोलते आणि खोदलेला गाळही वर आणते. लेसरचा किरण दिशा दाखवतो. चिखल आणि खडक एकदम समोर आले, की यंत्र मऊ बाजूला कलू पाहते. तेथे चालकाची कसोटी! पण तो चालक असतो वर, केबिनमध्ये.

मला महत्त्व वाटते ते याचेच. नळ टाकायला माणूस आत लागत नाही, मग तुंबलेले गटार उपसायला का लागावा? संरक्षक साधनांवाचून त्याला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. वाचकहो, तो कायदा आपल्या दारापुढच्या गटारालाही लागू आहे!